आजचं चिंतन : काठावरच उलटणारी नाव (गीता २.६७)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ६७वा. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगता सांगता भगवंत अर्जुनासमोर एक साधं चित्र ठेवतात. पाण्यावर नाव आहे. वारा सुटतो आणि नावेला ओढून नेतो. इंद्रियं आपापल्या विषयांमागे धावत असताना मन त्यातल्या एकाच्या जरी मागे लागलं, तरी ते माणसाची बुद्धी असंच पळवून नेतं. एवढाच अर्थ. दोन ओळींत संपतो.

या श्लोकावर बोलताना आपण सगळे वाऱ्याबद्दलच बोलतो. मोबाईल वाईट, संगत वाईट, शहर वाईट, जमाना वाईट. आज मला वाऱ्याबद्दल कमी आणि नावेबद्दल जास्त बोलायचंय. कारण वारा काय, सगळ्यांनाच लागतो. एक नाव डोलते आणि पुन्हा सरळ होते. दुसरी त्याच वाऱ्यात उलटते. असं का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात एका मेसेजमुळे आला. शिरूर तालुक्यातला एक मुलगा, आपला नेहमीचा वाचक. त्याला विचारून आणि ओळख पटेल असं काही न ठेवता लिहितोय. घरी असताना रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशी कधी चुकली नाही, गावच्या सप्ताहात टाळ घेऊन उभा. मग पुण्यात नोकरी लागली. चार मित्रांत फ्लॅट, हातात पहिला पगार. आठ महिन्यांत तो मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात इतका अडकला की स्वतःचे पगार तर गेलेच, आईने बहिणीच्या शिक्षणासाठी त्याच्या खात्यात ठेवलेले पैसेही गेले. वरून सहा महिने घरी खोटं बोलत राहिला. त्याने शेवटी एकच ओळ लिहिली होती : "दादा, माझी भक्ती खोटीच होती ना?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. "तसं नसतं रे" म्हणणं सोपं होतं. पण आईचे पैसे गेलेत, तिथे सोप्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. आजचं चिंतन हे त्याला दिलेलं उत्तर समजा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. २ सप्टेंबर २०२५. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठावर, झोंगुलडाक प्रांतात, नवीकोरी पांढरीशुभ्र आलिशान यॉट पाण्यात सोडली. नाव 'डोल्चे व्हेंतो'. इटालियनमध्ये याचा अर्थ गोड वारा. पाण्यात उतरून साधारण पंधरा मिनिटं झाली आणि ती कलायला लागली. मालकाने उडी मारून पोहत काठ गाठला आणि काठावरून आपली बोट बुडताना पाहिली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. खाली कमेंटमध्ये लोक हसत होते. मला हसू आलं नाही. ना वादळ, ना खडक, ना मोठी लाट. काठ समोर दिसतोय आणि नवी बोट गेली.

नेमकं कारण काय हे त्या बोटीपुरतं तिथले जाणकार सांगतील. पण नव्या बोटी पाण्यात उतरताना का उलटतात, हे जहाज बांधणाऱ्यांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. ते समजून घेतलं तर श्लोकातली नाव वेगळीच दिसायला लागते.

गणित सोपं आहे. नावेचं सगळं वजन जणू एका बिंदूतून खाली ओढतं. पाणी तिला जणू दुसऱ्या एका बिंदूतून वर रेटतं. हा दुसरा बिंदू म्हणजे बुडालेल्या भागाचा मध्य. नाव एका बाजूला कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, आणि पाण्याचा रेटा त्या कललेल्या बाजूला सरकतो. वजन पुरेसं खाली असेल तर हा सरकलेला रेटा नावेला उचलून पुन्हा सरळ करतो. म्हणजे कलणं हा दोष नाहीच. चांगली नावसुद्धा कलते, आणि तिच्या कलण्यातूनच तिला सावरणारी ताकद तयार होते. पण वजन वर असेल, तर तोच रेटा कमी पडतो. नाव जितकी कलते तितकं वजन बाहेर झुकतं, आणि मग परत यायला जागाच उरत नाही.

म्हणून जहाजाच्या तळाशी मुद्दाम वजन भरतात. पूर्वी दगड-वाळू भरायचे, आता शिसं, लोखंड किंवा टाक्यांत पाणी. त्याला बॅलास्ट म्हणतात. त्यावर कुणी बसत नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही, त्याने वेगही वाढत नाही. ते फक्त तळाशी पडून असतं.

आमच्या दौंडकरांना हे वेगळं शिकवायला नको. सिद्धटेकच्या गणपतीला जायचं तर शिरापूरला भीमा होडीने ओलांडावी लागायची. आता पूल झालाय. घरातली मोठी माणसं सांगतात, नावाडी आधी सगळ्यांना खाली बसवायचा. "उभं राहू नका, मधे सरका, पिशव्या बुडाशी ठेवा." त्याने कुठे गुरुत्वमध्य शिकला होता? पण वजन खाली आणि मधे हवं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उभा राहून हात जोडणारा भाविकसुद्धा होडीला धोकाच असतो, हे तो बिनदिक्कत सांगायचा.

आता १९०७ची गोष्ट बघा. इटलीत जेनोवाजवळ रीवा त्रिगोसो नावाच्या गावी 'प्रिन्चिपेसा योलांदा' नावाचं मोठं प्रवासी जहाज बांधलं. ९,००० टनांच्या वरचं. २२ सप्टेंबरला त्याचं जलावतरण होतं. कौतुकाची गोष्ट म्हणजे जहाज आतून जवळजवळ पूर्ण सजवूनच पाण्यात सोडायचं ठरलं होतं. वरचे मजले सजलेले, आणि खाली कोळसा भरायच्या जागा रिकाम्या, बॅलास्ट नाही. जहाज घसरगुंडीवरून पाण्यात गेलं, तिथेच एका बाजूला झुकलं, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत आडवं झालं.

वर सगळं होतं. खाली काहीच नव्हतं.

मंडळी, इथे थांबून स्वतःकडे बघू या. आपण शहरातले तरुण भक्त. आपल्या भक्तीचा वरचा मजला सुंदर आहे. स्टेटसला रोज विठ्ठल आहे. वारीत दिवेघाटाचा फोटो आहे, कपाळावर रेखीव गंध आहे, गाडीच्या काचेवर माउली आहेत, कीर्तनाची रील आहे. मी यातल्या कशालाच वाईट म्हणत नाही. योलांदाचं सामानही वाईट नव्हतं. ते फक्त चुकीच्या वेळी चढवलं होतं, तळ भरायच्या आधी.

आणि भक्तीचा तळ कुठला? कुणाला न दिसणारं जे आहे ते. कुणी बघत नसताना घेतलेलं नाम. खोटं बोलून सुटता येत असताना बोललेलं खरं. हिशेबात राहिलेले दुसऱ्याचे पैसे आपणहून परत करणं. राग आलेला असताना गिळलेला एक शब्द. हे कुठेच पोस्ट करता येत नाही. पोस्ट केलंत तर ते तळातून उचलून वरच्या मजल्यावर आणलंत, असं समजा.

पण त्या मुलाचं तेवढ्यावर समाधान झालं नसतं. तो म्हणाला असता, "दादा, मी दाखवायला नव्हतो करत. मी खरंच रोज हरिपाठ म्हणायचो." मला ते खरं वाटतं. मग तरी का उलटला?

याचं उत्तर मला आपल्या मुंबईतल्या एका घटनेत दिसतं. ५ डिसेंबर २०१६. नौदलाच्या मुंबई गोदीत 'आयएनएस बेतवा' ही युद्धनौका दुरुस्तीनंतर ड्राय डॉकमधून बाहेर काढत होते. ड्राय डॉक म्हणजे मोठा कोरडा हौद. त्यात जहाज ठोकळ्यांच्या टेकूवर उभं असतं. काम झालं की हौदात पाणी सोडतात आणि जहाज हळूहळू टेकूवरून उचललं जाऊन तरंगायला लागतं. त्या वेळी ही सुमारे ३,८५० टनांची नौका घसरली आणि आडवी झाली. दोन नौसैनिकांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. टेकूच्या ठोकळ्यांची रचना निकामी झाली, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. लक्षात घ्या, ही नवखी बोट नव्हती. २००४ पासून नौदलात होती, समुद्र पाहिलेली होती.

गोदीत काम करणारे सांगतात की टेकूवरून पाण्यावर जायचा हा टप्पा फार नाजूक असतो. जहाज पूर्ण टेकूवर असतं तेव्हा सुरक्षित. पूर्ण तरंगतं तेव्हाही, बांधणी नीट असेल तर, सुरक्षित. मधल्या वेळेत थोडा भार टेकूवर आणि थोडा पाण्यावर असतो. टेकूने खालून जितका भार उचलून धरलेला असतो, तितकी जहाजाची स्वतः उभं राहायची ताकद कमी झालेली असते. ऐकायला उलटं वाटेल, पण गणित तेच सांगतं. जो आधार त्याला उभं ठेवतोय, तोच सुटण्याच्या वेळी त्याला डळमळीत करतो.

आता त्या मुलाचा हरिपाठ बघा. संध्याकाळी सात वाजता आजी हाक मारायची. देवळातला माईक चालू व्हायचा. शेजारचा मित्र टाळ घेऊन दारात उभा असायचा. एकादशीला घरात शिजायचंच साबुदाण्याचं. तो खोटा नव्हता. तो टेकूवर उभा होता. टेकूवर उभं असणं म्हणजे ढोंग नव्हे, मंडळी. प्रत्येक जहाज आधी टेकूवरच बांधलं जातं. पण टेकूवर उभ्या असलेल्या जहाजाकडे बघून ते तरंगेल की नाही हे सांगता येत नाही. ते पाण्यातच कळतं. दौंडहून सकाळची लोकल धरणारी आणि रांजणगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून येणारी किती पोरं अशा मधल्या पाण्यात आहेत, त्यांचं त्यांना माहीत.

या श्लोकावर ज्ञानेश्वर माउलींनी केलेलं भाष्य जरूर वाचा. माउलींनी नाव समुद्राच्या मधोमध नाही दाखवली. ती काठाला लागत आलेली दाखवली. वादळ तिथे गाठतं, आणि टळलेलं संकट पुन्हा समोर येतं. माउली सांगतात, पोचलेल्या पुरुषानेही इंद्रियांचे सहज म्हणून लाड केले, तर त्याचं तसंच होतं. म्हणजे काठ म्हणजे सुरक्षितता, हा आपला समज माउली मोडून काढतात. निघतानाचा काठ असो की पोचतानाचा, आपण सैल होतो तो काठावर.

मग तळ भरायचा कसा? भगवंत फार लांब जाऊ देत नाहीत. ६७व्या श्लोकात नाव पळवली, तर ७०व्या श्लोकात समुद्र दाखवला. सगळ्या नद्या त्यात येऊन पडतात, तो भरत राहतो, पण आपली बैठक सोडत नाही. तसे भोग ज्याच्यात येऊन विरून जातात, त्याला शांती मिळते. त्यांच्या मागे धावणाऱ्याला मिळत नाही. नाव आणि समुद्र यांत फरक काय? नावेला वारा ढकलतो, कारण ती पृष्ठभागावर असते. समुद्रावर त्याच वाऱ्याने लाटा उठतात, पण तळ हलत नाही. म्हणजे वारा बंद करा असं भगवंत सांगतच नाहीत. खोल व्हा, असं सांगतात.

इथे आणखी एक सावधगिरी. आमच्या शिरूरच्या कोरडवाहू गावांत उन्हाळ्यात टँकर चालतात. टँकरवाल्याला विचारा, कुठला टँकर वळणावर जास्त भीती दाखवतो. पूर्ण भरलेला नाही, पूर्ण रिकामा नाही. अर्धा भरलेला. आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. जहाजाच्या टाकीतही तेच होतं. अर्धवट भरलेल्या टाकीतलं मोकळं पाणी जहाज कललं की त्याच बाजूला पळतं आणि कल वाढवतं. म्हणून बॅलास्ट असून चालत नाही, ते बांधलेलं हवं.

आपलं अर्धवट ज्ञान असंच आहे. चार प्रवचनं ऐकली, दोन रील पाहिल्या, "सगळं त्याच्या इच्छेने होतं" हे एक वाक्य हाताशी आलं. मग चूक झाली की ते वाक्य आपल्या चुकीच्याच बाजूला धावतं. त्या मुलाने मला सांगितलं की हरत असताना तो मनात म्हणायचा, "माउली बघून घेतील." हे नाम नव्हतं. हे टाकीतलं मोकळं पाणी होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते उगाच नाही. नाम रोजच्या ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागेला आणि ठरलेल्या आचरणाला बांधलेलं असेल, तरच ते वजनाचं काम करतं.

आता अवघड भाग. दोष कुणाचा?

१६२८ साल. शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी स्वीडनच्या राजाने 'वासा' नावाची अवाढव्य युद्धनौका बांधून घेतली. ६९ मीटर लांब, ६४ तोफा, शेकडो कोरीव मूर्ती. निघायच्या आधी बंदरात एक चाचणी घेतली. ३० खलाशांना डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे एकत्र धावायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं की हजर असलेल्या नौदल अधिकाऱ्याने चाचणी थांबवली. जहाज नाही थांबवलं. चाचणी थांबवली! राजाला घाई होती, तो लढाईवर दूर होता, आणि त्याला नको असलेली गोष्ट कळवायची कुणी? १० ऑगस्टला 'वासा' निघालं. साधारण १,३०० मीटर गेलं. वाऱ्याच्या एका झोतात कललं, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि स्टॉकहोमच्या लोकांसमोर बुडालं. सुमारे ३० जीव गेले. चौकशी झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

काठावर उभ्या असलेल्या कुणालातरी ते माहीत होतं. मला 'वासा'च्या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त टोचतं.

आपल्या घरांत हे रोज घडतं. मुलगा डळमळतोय हे आईला दिसतं, मोठ्या भावाला दिसतं, रूममेटला तर फारच स्पष्ट दिसतं. पण मुहूर्त ठरलेला असतो. नोकरीचा, लग्नाचा, परदेशी जायचा. मग आपण चाचणी थांबवतो. "जाऊ दे, होईल सगळं नीट." नारळ फोडतो आणि ढकलतो. आपल्या नौदलातही जहाजाचं जलावतरण अथर्ववेदातल्या मंत्रांनी होतं आणि ते शोभतंच. पण मंत्र म्हणायच्या आधी अभियंते आकडेमोड करतात. मंत्र आकडेमोडीच्या जागी नसतो. पूजा बॅलास्टच्या जागी नसते.

तर मग दोष ढकलणाऱ्यांचाच का? नाही. इथे नाव आणि माणूस वेगळे होतात. नावेला स्वतःचा तळ भरता येत नाही, माणसाला येतो. म्हणून नावेच्या उलटण्याचा सगळा जाब बांधणाऱ्याला विचारायचा. माणसाच्या बाबतीत तो वाटून घ्यावा लागतो. ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्यांच्यावर त्यांचा वाटा. पण पहिल्यांदा कलल्यानंतर जे सहा महिने खोटं बोलण्यात गेले, तो वाटा त्या मुलाचा. मी त्याला हे असंच सांगितलं. त्याला माफीपेक्षा हिशेब हवा होता, असं मला वाटलं.

एक गोष्ट मात्र या रूपकात कोंबायची नाही. २१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. ही आपलीच भीमा, दौंडवरून पुढे गेलेली. ती माणसं कुणाच्या चिंतनातला दाखला व्हायला निघाली नव्हती, ती पलीकडच्या काठाला निघाली होती. काही वारे असे असतात की चांगली होडीही टिकत नाही. म्हणून उलटलेल्या प्रत्येकाला "तुझाच तळ रिकामा होता" असं म्हणणं पाप आहे. दुसऱ्याच्या संकटात आपण वाऱ्याचा जोर धरावा, आणि स्वतःच्या चुकीत तळाचा विचार करावा. याच्या उलट करू नये. आपण नेहमी उलटंच करतो.

आणि आता त्याच्या त्या ओळीचं उत्तर. "माझी भक्ती खोटीच होती ना?"

हा प्रश्न अर्जुनानेही विचारलाय. सहाव्या अध्यायात. श्रद्धा आहे, पण मन चळलं आणि वाट सुटली, तर असा माणूस फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? भगवंत त्याला मोठ्या मायेने उत्तर देतात. कल्याणाची वाट धरलेला कुणीही दुर्गतीला जात नाही. त्याने आधी केलेलं वाया जात नाही, पुढे तो तिथूनच सुरू करतो. ६.४० पासून पुढचे श्लोक काढून वाचा, शांतपणे.

'बेतवा'चं पुढे काय झालं सांगायचं राहिलं. आडव्या झालेल्या त्या नौकेला कुणी भंगारात टाकलं नाही. दोन-अडीच महिने तयारी करून, हिशेब करून, फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला हळूहळू सरळ उभी केली. दुरुस्त होऊन ती पुन्हा नौदलाच्या सेवेत आली. गेलेले दोन जीव परत आले नाहीत, तेही तितकंच खरं. सरळ करणं म्हणजे झालं ते पुसणं नव्हे. त्या मुलाच्या बाबतीतही आईचे पैसे म्हणजे आईचेच पैसे. त्याने घरी जाऊन सगळं सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. आता दर महिन्याला तो पगारातून ठरलेली रक्कम बहिणीच्या नावावर टाकतो. मला विचाराल तर तोच त्याचा खरा हरिपाठ आहे सध्या. तळाशी पडलेला आणि कुणाला न दिसणारा.

आजचा अभ्यास. जहाज तयार होत आलं की त्याची एक चाचणी घेतात. ठराविक वजन मुद्दाम एका बाजूला सरकवतात आणि जहाज किती कलतं ते मोजतात. वादळाची वाट बघत नाहीत. बंदरातच, शांत पाण्यात, थोड्याशा वजनाने कळतं. आपणही तेच करू. आज दिवसभरात एक छोटं वजन बाजूला सरकवून बघा. एक रात्र मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. एखादं चांगलं काम करा आणि कुणालाच सांगू नका. ऑफिसमध्ये कुणी चुकीचं बोललं तर तासभर उत्तर देऊ नका. आणि आपण किती कललो, ते प्रामाणिकपणे बघा. जास्त कललो तर घाबरायचं नाही, चाचणी थांबवायची नाही. तेवढं वजन तळात कमी आहे, एवढंच कळलं. शांत पाण्यात कळलं, ही कृपाच.

आणि तुमच्या जवळचं कुणी असं डळमळताना दिसत असेल, तर आजच त्याला फोन करा.

उद्या ६८वा श्लोक.

राम कृष्ण हरी.